एकमताने

थोरलीला राग येतो हे तिच्या घरात सगळ्यांना माहीत होतं आणि घराबाहेर कुणालाच माहीत नव्हतं. बाहेर ती 'बाई' होती. शाळेत मुलांना खेळ शिकवणाऱ्या, हळू आवाजात बोलणाऱ्या, आणि सकाळी उठल्यापासून दहा वाजेपर्यंत एक शब्द न उच्चारणाऱ्या बाई. दिवसाचे पहिले शब्द देवाचे आणि उरलेले माणसांचे, अशी तिची साधी वाटणी होती. देवाचे शब्द ती मनातल्या मनात म्हणायची, आणि ते संपले तरी दहापर्यंत तोंड उघडायची नाही, कारण देवाशी बोलून उठायचं आणि लगेच दूधवाल्याशी हुज्जत घालायची याची तिला लाज वाटे. शाळा त्यानंतर भरायची, त्यामुळे नोकरीच्या आड काही येत नव्हतं. त्या वेळात ती लिहीतही नसे. हातानं लिहिलं काय नि तोंडानं बोललं काय, देवाला दोन्ही सारखंच ऐकू जातं, असं तिचं म्हणणं. खाणाखुणा मात्र चालायच्या. एक बोट म्हणजे हो, दोन बोटं म्हणजे नाही, आणि तळहात वर म्हणजे थांबा.

घरच्यांना ही भाषा पाठ होती. कप्तानाला ती येत नव्हती, की येत असून नव्हती, याचा निकाल थोरलीच्या मनात शेवटपर्यंत लागला नाही.

कप्तान म्हणजे वसाहतीच्या क्रीडा मंडळाचा अध्यक्ष. तरुणपणी कधीतरी तो कुठल्याशा संघाचा कप्तान होता, तेवढ्या एका मोसमावर त्यानं सगळा जन्म काढला. आता मोठ्या रस्त्यावर त्याचं फरश्यांचं दुकान होतं. माणूस गोड बोलायचा, इतका गोड की त्याच्याशी दोन वाक्यं बोलल्यावर पाणी प्यावंसं वाटे.

मंडळाच्या वार्षिक स्पर्धांमध्ये बायकांसाठी आजवर संगीतखुर्ची होती आणि चमच्यात गोटी ठेवून चालणं होतं. थोरलीनं तीन वर्षं मंडळाचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठे यंदा बायकांची रिले मंजूर झाली. दोन संघ उभे राहिले. एक बेकरीत कामाला जाणाऱ्या चार पोरींचा. दुसरा थोरलीनं स्वतः बांधलेला. त्यात तिची धाकटी जाऊ होती, दवाखान्यातली सिस्टर होती, कोपऱ्यावरची शिंपीण होती आणि बसची कंडक्टर होती. चौघींची वयं कुणी विचारू नयेत अशी. पहाटे मैदानावर त्या पळायच्या, आणि थोरलीला त्या वेळी बोलता येत नसल्यामुळे ती टाळ्या वाजवून शिकवायची. त्यातून एक गंमत झाली होती. रिलेत मागून येणारी पुढचीला ओरडून 'घे' म्हणते आणि मग ती हात मागे करते. पण शिकवणारीच जिथे गप्प, तिथे शिकणाऱ्यांनाही ओरडायचा संकोच वाटू लागला. मग थोरलीनं जमिनीवर फक्कीची पांढरी खूण करून दिली. मागची त्या खुणेवर आली की पुढचीनं पळायला लागायचं आणि ठरल्या पावलाला हात मागे न्यायचा. शब्दाचं कामच नाही. कंडक्टर म्हणायची, बसमध्ये दिवसभर ओरडून घसा बसतो, इथे तेवढीच विश्रांती.

धाकटी इस्त्रीच्या दुकानात कामाला होती. शाळेत असताना ती भल्याभल्या मुलींना मागे टाकायची. लग्नानंतर तिचं पळणं उरलं ते फक्त सुटणाऱ्या बसमागचं. आता तिला पुन्हा एकदा चार लोकांसमोर पळायचं होतं, बाकी काही नको होतं. तिनं नवे बूट घेतले होते आणि ते कपाटात, देवाचं सामान असतं त्याच्या खालच्या खणात ठेवले होते. थोरलीच्या ते नजरेला पडलं. ती काही बोलली नाही, आणि तेव्हा तर संध्याकाळ होती.

मंडळाच्या सभा नेहमी संध्याकाळी होत. या खेपेला चिटणिसांचा निरोप आला, सभा सकाळी आठला. थोरली गेली. वाचनालयाच्या मागच्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या, पंखा कुरकुरत होता, आणि भिंतीवर जुन्या विजेत्यांचे फोटो होते, सगळे मिशीवाले.

कप्तान उभा राहिला. यंदा पाहुणे म्हणून एका मोठ्या कारखान्याचे मालक यायचे आहेत, त्यांना सकाळी अगदी थोडा वेळ आहे, तेव्हा कार्यक्रम सुटसुटीत करावा लागेल, असं त्यानं सांगितलं. सुटसुटीत करायचा म्हणजे काय गाळायचं हेही त्यानं ठरवूनच आणलं होतं. बायकांची रिले यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू. बायकांचा मान मात्र राखला पाहिजे. म्हणून त्या आठही जणींनी एकसारखे कपडे घालायचे आणि पुरुषांच्या विजेत्यांची पदकं तबकात घेऊन उभं राहायचं. पाहुण्यांनाही बरं वाटेल.

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कुणाचा विरोध असेल तर आत्ताच बोला," कप्तान म्हणाला.

थोरलीनं तळहात वर केला. बोटं पसरलेली, कोपर ताठ. तिच्या घरातलं कुणीही त्या हाताचा अर्थ झोपेत सांगितला असता. कप्तानानं तिच्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा फुलला.

"बघा, बाईंचाही हात वर आहे. बायकांच्या वतीनं त्यांनीच मंजुरी दिली म्हटल्यावर प्रश्नच मिटला. लिहा चिटणीस, एकमतानं."

थोरली ताडकन उठली. तिनं दोन बोटं पुढे केली, मग तीच टेबलावर आपटली. चिटणीस भला माणूस. त्यांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं आणि अगदी मनापासून विचारलं, "दोन म्हणजे प्रत्येकीला दोन तबकं का, बाई?"

कुणीतरी हसलं. कप्तानानं त्याला डोळ्यांनी दटावलं आणि थोरलीपुढे हात जोडले. बाईंचं मौन आहे, त्यांना त्रास देऊ नका, म्हणाला. त्यांच्या पुण्याईवर तर आपले कार्यक्रम पार पडतात. मग बाकीच्यांनीही हात जोडले. एवढे सगळे हात आपल्यापुढे जोडलेले पाहून थोरलीला कळलं की आपल्याला किती व्यवस्थित गप्प करण्यात आलं आहे.

शब्द तिच्या दातांपर्यंत आला होता. तोंड उघडायचं आणि टाकायचा, काम झालं. पण इतक्या वर्षांत ते मौन एकदाही मोडलं नव्हतं, सासूबाई गेल्या त्या सकाळीही नाही. ते काय या फरशीवाल्यासाठी मोडायचं? तिनं ओठ मिटले आणि ती हॉलबाहेर पडली. मोडायचं होतं ते फरशीवाल्यासाठी नव्हे, त्या चौघींसाठी, हे तिला घराचं दार उघडताना सुचलं, आणि मग राग कुणाचा जास्त येतोय तेच कळेना.

ती भाजी चिरायला बसली. धाकटी दूध घेऊन आली ती बातमी घेऊनच. चिटणिसांची बायको दुधाच्या रांगेत तिच्या पुढेच होती.

"ताई, तुम्ही हात वर केलात म्हणे."

थोरलीनं एक बोट दाखवलं, कारण हात वर केला होता. मग दोन दाखवली, कारण तसा नव्हता केला. मग दोन्ही हात खाली घेतले. घड्याळात दहाला बराच अवकाश होता, आणि तेवढा सगळा अवकाश धाकटीनं वापरला. दुधाची पिशवी हातातच धरून ती ओट्यापासून दारापर्यंत येरझारा घालत होती. त्या दिवसासाठी तिनं दुकानाच्या मालकाशी भांडून रजा काढली होती. सिस्टरनं ड्यूटी बदलून घेतली होती. शिंपिणीनं चौघींचे बनियन शिवले होते, मागे आकडे लावून. त्या आकड्यांनी आता काय करायचं, तबकं मोजायची? थोरली मान खाली घालून चिरत राहिली. भाजीचे तुकडे होत होत भुगा झाला.

आणि मग धाकटी थांबली, आणि तिचा आवाज खाली आला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती जावेला 'तू' म्हणाली.

"तुला देव तरी आहे गं. मला दुसरं काय होतं? माझ्यासाठी एक शब्द बोलली असतीस, तर तो काय रुसून बसला असता?"

घड्याळ वाजायला लागलं. ते वाजून संपेपर्यंत दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"माझा हात 'थांबा' म्हणत होता," थोरली म्हणाली.

"हाताला कुठे माहीत असतं तो काय म्हणतोय ते," धाकटी म्हणाली आणि दूध आपटून ठेवून आत गेली.

तेवढ्यात धाकटीचा नवरा खोलीतून डोकावला. त्याचं रस्सीखेचीत नाव होतं, त्यामुळे तो खुशीत होता. तबक धरायला एवढी काय हरकत आहे, असं त्याला प्रामाणिकपणे वाटत होतं. सावलीत उभं राहायचं, वर फोटो निघतो. दोन्ही जावांनी दोन दारांतून त्याच्याकडे असं पाहिलं की तो चपला शोधायला लागला, आणि चपला त्याच्या पायातच होत्या.

शाळा सुटल्यावर थोरली फरशीच्या दुकानात गेली. कप्तानानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, पंखा तिच्याकडे वळवला. तिनं सगळं सरळ सांगितलं. हात विरोधाचा होता. ठराव चुकीचा लिहिला गेला. शर्यत बघता बघता संपते, तेवढ्यासाठी पाहुण्यांची गाडी चुकणार नाही. कप्तान मान डोलावत ऐकत होता. मग म्हणाला, त्याच्या एकट्याच्या हातात असतं तर त्यानं आत्ता बदललं असतं, पण एकमतानं झालेलं एकट्यानं कसं फिरवायचं? शिवाय रविवारी सकाळी साडेसातला सुरुवात आहे आणि दहाला समारोप. सुरुवातीची हाक द्यायला माइकवाला आहे. बाईंनी काही करायचं नाही, व्यासपीठावर पाहुण्यांच्या शेजारी बसायचं. त्यांच्या मौनाला धक्काही लागणार नाही, असंच सगळं बसवलंय.

असंच बसवलंय, हे खरं होतं. थोरलीनं आजूबाजूला मांडलेल्या फरश्यांकडे पाहिलं. एकीचा काठ दुसरीला असा भिडवलेला, की मध्ये नखही जाऊ नये.

तिचा आवाज चढला असावा, कारण दुकानातलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. कप्तानाच्या चेहऱ्यावर खरोखर दुःख उमटलं.

"बाई, तुम्ही रागवायचं नाही. तुम्हाला ते शोभत नाही."

"माझा राग देवाला चालतो, कप्तान," थोरली म्हणाली. "तुम्हाला का चालत नाही?"

तो हसला आणि त्यानं पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. तिनं तो तसाच ठेवला.

घरी येईपर्यंत तिला एक गोष्ट नीट उमगली होती. ती देवाचं करते म्हणून लोक तिला मान देत होते, आणि त्या मानाच्या बदल्यात तिचा राग त्यांनी परस्पर काढून घेतला होता. दुसऱ्या कुणी टेबल आपटलं असतं तर भांडण झालं असतं. तिनं आपटलं तर हात जोडले गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जपाला बसली. कप्तानाचा चेहरा मधे मधे येत होता. एरवी राग आला की ती त्याला ओट्यावर चढलेल्या मांजरासारखं हाकलायची. त्या दिवशी तिनं हाकललं नाही. मनातच 'बस' म्हणाली. तो बसला आणि जपही झाला, आणि दोघांचं एकमेकांशी काही वाकडं आहे असं तिला दिसलं नाही.

धाकटी पहाटे मैदानावर यायची बंद झाली होती. घरात बोलायची ते कामापुरतं, तेही भिंतीकडे बघून. बाकी तिघी येत होत्या, पण त्यांच्या पळण्यात जीव नव्हता. शिंपीण तर मधेच थांबून म्हणाली, तबक घेऊन पळायची शर्यत ठेवा म्हणावं, सराव तरी वाया जाणार नाही. थोरलीनं त्या आठवड्यात, शाळेतून आल्यावर, एकेकीचं घर गाठलं. बेकरीच्या पोरींनाही बेकरीच्या मागच्या दारात भेटली. सगळ्यांना तिनं तेच सांगितलं. पुरुषांच्या रिलेआधी मैदान रिकामं करतात. तेव्हा तबकं खाली ठेवायची आणि आपापल्या जागी जाऊन उभं राहायचं. कुणी काही म्हणालं तरी हलायचं नाही.

शेवटी ती घरात आली. धाकटी कपड्यांच्या घड्या घालत होती. थोरलीनं कपाटातून नवे बूट काढून तिच्यापुढे ठेवले आणि तेच सगळं तिलाही सांगितलं.

"आणि शर्यत सोडणार कोण?" धाकटीनं घडीवरून नजर न उचलता विचारलं. "माइकवाला सोडणार नाही. आणि तुझं तर मौन."

"हात आहे ना."

"तोच हात?"

"तोच."

धाकटीनं बूट उचलले नाहीत, पण बाजूलाही सारले नाहीत.

शनिवारी संध्याकाळी थोरलीनं फक्कीचा डबा घेऊन मैदान आखलं. ते काम तिच्याकडून कुणी काढून घेतलं नव्हतं, कारण ते कुणालाच करायचं नसे. वळणावरच्या रेषा, बॅटन बदलायच्या जागा आणि तिच्या चौघींच्या त्या खुणा तिनं वाकून वाकून घातल्या. बेकरीच्या पोरींना तिनं विचारलं होतं, तुम्हालाही खूण घालून देऊ का. त्या म्हणाल्या, आम्ही ओरडतो, आम्हाला तसंच जमतं.

रविवारी सगळं कप्तानानं बसवल्यासारखं झालं. मांडव, झालर, चार कोपऱ्यांत चार मोठे कर्णे, त्यातून गाणी. मुलांच्या शर्यती झाल्या, रस्सीखेच झाली, पाहुणे आले, हार झाले. थोरली व्यासपीठावर पाहुण्यांच्या शेजारी बसली होती. खाली आठ बायका एकसारख्या निळ्या कपड्यांत तबकं धरून उन्हात उभ्या होत्या, कारण सावली व्यासपीठालाच पुरली होती. आठांपैकी सातजणींच्या पायातले बूट तिनं मोजले. धाकटीच्या पायांकडे थोरलीला बघवेना. मग बघितलं. आठहीजणींच्या होते.

माइकवाल्यानं पुरुषांच्या रिलेची घोषणा केली. मैदान रिकामं झालं. सिस्टरनं तबक गवतावर ठेवलं. मग कंडक्टरनं, मग एकेक करत सगळ्यांनी. धाकटीनं मात्र आपलं तबक नवऱ्याच्या हातात दिलं, आणि ते बघून बाकीच्यांनी उचलून आपलीही त्याच्याचकडे नेऊन दिली. रस्सीखेच हरून आलेला तो माणूस दोन्ही हातांवर तबकांची उतरंड घेऊन उन्हात उभा राहिला. बायका आपापल्या जागी गेल्या. धाकटी सुरुवातीच्या रेषेवर आली. तिला थोरलीनं पहिलीच पळायला ठेवलं होतं. कुणाचा तरी राग आल्याशिवाय धाकटी धड पळत नसे, आणि तो राग सुरुवातीलाच ताजा असतो, हे तिला माहीत होतं.

पुरुषांचे संघ येऊन बघतात तर जागा भरलेल्या. कप्तानानं माइक घेतला. भगिनींनी मैदान सोडावं, अशी एकदा विनंती केली, दुसऱ्यांदा केली. लोक हसायला लागले. तिसऱ्यांदा तो भगिनी म्हणाला नाही. कुणी हललं नाही. मग त्यानं कर्णेवाल्याला खूण केली आणि गाणं असं मोठं झालं की मांडवाची झालर थरथरायला लागली. चिटणीस घाईघाईनं पाहुण्यांपाशी आले आणि उशिराबद्दल माफी मागू लागले. पाहुण्यांना कानाशी ओरडून उत्तर द्यावं लागलं, म्हणून ते थोरलीलाही ऐकू आलं.

"चालू द्या हो निवांत. मला दुपारपर्यंत मोकळीकच आहे."

थोरलीला वाटलं होतं की तिला यायचा तेवढा राग येऊन गेलाय. तसं नव्हतं. ती उठली आणि व्यासपीठाच्या पायऱ्या उतरून रेषेकडे चालायला लागली. कप्तान तिच्याकडे धावत आला. घामानं त्याची कॉलर ओली झाली होती, आणि माइक त्यानं तिच्या तोंडापुढे धरला होता.

"बाई, तुम्ही सांगा यांना. तुमचं ऐकतील. एक शब्द बोला फक्त."

सभेत जो शब्द दातांपर्यंत आला होता तो पुन्हा आला. बोलावं आणि त्याच्या तोंडावर फेकावा. पण आता तर तो मागत होता. थोरलीनं ओठ मिटलेलेच ठेवले, त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि तळहात वर केला.

धाकटी रेषेवरून ओरडली. इस्त्रीच्या दुकानात गिऱ्हाइकांना हाका मारून कमावलेला आवाज तो, गाण्यावरूनही पोहोचला.

"चिटणीसकाका, लिहून घ्या. बाईंचा हात वर आहे. एकमतानं."

मांडवातल्या बायका हसल्या ते आधी हळू, मग मोकळ्यानं. चिटणिसांनी सवयीनं खिशातलं पेन काढलं होतं, ते तसंच धरून ते उभे राहिले. थोरली सुरुवातीच्या रेषेपाशी गेली. धाकटी आणि तिच्या शेजारची बेकरीची पोर, दोघींच्याही नजरा तिच्या हातावर खिळल्या. तिनं हात खाली आणला.

धाकटी सुटली. बेकरीची पोर तिच्याइतकीच वेगात होती, वळणावर तर दोन पावलं पुढेच. मग पहिला बदल आला. धाकटी फक्कीच्या खुणेवर आली, सिस्टर पळू लागली, हात मागे आला, बॅटन गेलं. शेजारच्या पट्ट्यात बेकरीची पोर जिवाच्या आकांतानं 'घे, घे' ओरडत होती आणि कर्ण्यातलं गाणं ते सगळं गिळत होतं. पुढचीला काही ऐकूच गेलं नाही. तिनं हात मागे केला तो उशिरा, आणि बॅटन तिच्या बोटांवर आपटून गवतात पडलं. तिथून पुढे शर्यत अशी राहिलीच नाही. शिंपिणीनंतर कंडक्टर पळाली आणि तिनं दोरी तोडली. बेकरीच्या पोरींनी बॅटन उचलून शेवटपर्यंत नेलं, पण त्यांच्यातली ती दुसरी रडत होती आणि रडत रडत सांगत होती की ऐकू नाही आलं, कुणाचंच काही ऐकू नाही आलं.

थोरलीनं त्या चार कर्ण्यांकडे पाहिलं.

पुरुषांची रिले झाली, थोरली पुन्हा व्यासपीठावर जाऊन बसली, समारोप सुरू झाला. कप्तान एव्हाना सावरला होता. कॉलर झटकून तो माइकपाशी उभा राहिला आणि म्हणाला की यंदा मंडळानं एक नवं पाऊल उचललं, बायकांची रिले ठेवली, आणि ती पार पडली ती केवळ बाईंच्या आशीर्वादानं. सगळ्यांनी पाहिलं, बाईंनी हात उंचावून आशीर्वाद दिला. टाळ्या झाल्या. पाहुण्यांनी तबकातलं एक पदक उचलून चौघींच्या वतीनं धाकटीच्या गळ्यात घातलं. धाकटी हसत होती, पण थोरलीकडे बघून नव्हे.

शाळेच्या इमारतीवरचं घड्याळ वाजू लागलं. थोरली शेवटचा ठोका होईपर्यंत थांबली. मग तिनं उठून कप्तानाच्या हातातला माइक घेतला. तो द्यायला तयार नव्हता असं नाही, त्याला वाटलं आभार मानतायत.

"आशीर्वाद नव्हता तो," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण चार कर्ण्यांतून तो मैदानभर गेला. "राग होता."

मांडवातली कुजबुज थांबली. लहान पोरं तेवढी पळत होती.

"आणि ती शर्यत धरू नका. गाण्यापायी बेकरीच्या मुलींना एकमेकींचं ऐकू गेलं नाही. ती पुन्हा पळवायची. गाणं बंद ठेवून."

कप्तान जवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाला की वेळ नाही, पाहुण्यांना जायचं असेल. थोरलीनं माइक तोंडापासून दूर केला नाही.

"पाहुण्यांना दुपारपर्यंत मोकळीक आहे. त्यांनीच सांगितलं."

पाहुण्यांनी मान हलवली. त्यांना नेमकं काय चाललंय ते कळलं नव्हतं, पण ते म्हणाले होते ते खरं होतं. कर्णेवाल्यानं कुणी सांगायच्या आत तार ओढून काढली.

थोरली खाली उतरली तर पायरीशी धाकटी उभी. तिचा चेहरा लाल झाला होता, आणि तो पळण्यानं नव्हे.

"माझं पदक काढून घेतलंस तू."

"हो."

"आणि आता हरलो तर?"

"तर हरू."

 धाकटीनं पदक गळ्यातून काढलं आणि नवऱ्याच्या हातांवरच्या सगळ्यात वरच्या तबकात टाकलं. तो अजून तिथेच उभा होता, तबकं खाली ठेवायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ती तरातरा रेषेकडे निघाली. वाकून बुटाची नाडी आवळता आवळता पुटपुटली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "हिला देवानं दहापर्यंत गप्प ठेवलंय तेच बरं आहे."

बेकरीची पहिली पळणारी पोरही डोळे पुसत शेजारच्या पट्ट्यात येऊन उभी राहिली. कर्णे गप्प होते. पलीकडच्या वळणावरून कंडक्टरनं हात हलवून तयार असल्याचं कळवलं. कप्तान मात्र अजून मध्येच, रेषेच्या पुढे उभा होता, कुणीतरी आपल्याला काही विचारेल या आशेनं.

थोरलीनं हात वर केला.

"जागेवर," ती म्हणाली, आणि कप्तान बाजूला झाला.